हात दाखवा, पण अवलक्षण नको

मोटरहोम, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, पहिल्यांदा ताब्यात येतं तेव्हा डोक्यात पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर आणि मागे घेताना काय आपटेल एवढंच असतं. तासाभराने जीव जरा स्थिरावतो. तेवढ्यात समोरून तशीच एक उंच पांढरी गाडी येते, आतला अनोळखी माणूस हात वर करतो आणि दिसेनासा होतो. "कोण होतं गं? ओळखीचं?" शेजारून प्रश्न येतो. ओळखीचं कोणी नसतं. मोटरहोमवाले रस्त्यात एकमेकांना हात करतात, त्यातलाच तो एक.

प्रकार फक्त आपल्याच जमातीत आहे असं नाही. फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन १९५० साली निघाली, पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात झोपण्याची सोय करून द्यायला सुरुवात केली, आणि त्या जुन्या व्हॅनवाल्यांमध्ये आजही एकमेकांना हात केल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी रीत आहे. मोटरसायकलवाले तर याबाबतीत आपले गुरू शोभतील. फ्रान्समध्ये ओव्हरटेक करून पुढे गेलेला मोटरसायकलवाला आभार म्हणून चक्क पाय बाहेर काढतो, कारण उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर अडकलेला असतो.

मी बरीच वर्षं ही गाडी चालवते आहे. हात करायला शिकायला पाच मिनिटं लागली. कधी करायचा नाही हे कळायला दोन उन्हाळे गेले. तेव्हा नवख्यांसाठी क्रमाने लिहिते.

१. आधी ओळखा, मग बोटं उचला

समोरून येणारं प्रत्येक उंच धूड मोटरहोम नसतं. युरोपातली पुष्कळ मोटरहोम फियाट डुकाटोवर बांधलेली असतात. डुकाटो ही १९८१ पासून बनत असलेली मालवाहू व्हॅन. प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर ही तिची सख्खी भावंडं. म्हणजे जो चेहरा तुमच्या गाडीचा, तोच पार्सलवाल्याच्या गाडीचा. पहिल्या आठवड्यात मी एका प्लंबरला, दोन पार्सलवाल्यांना आणि एका रुग्णवाहिकेला मनापासून हात केला. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने उलट हात केला, हे विशेष.

म्हणून चेहऱ्याकडे नको, डोक्याकडे बघा. ड्रायव्हरच्या डोक्यावर कपाळासारखा पुढे आलेला फुगवटा असेल तर शंकाच नको, त्यात पलंग असतो. बससारखी सपाट, अख्ख्या तोंडाची काच असेल तर तीही बहुधा आपलीच. छपरावर उघडझापीची झाकणं, टीव्हीची थाळी, एका बाजूला वरच्या कडेला गुंडाळलेल्या कनातीचं लांब खोकं, या खुणा लांबूनही दिसतात. सगळ्यात फसवी ती साधी कॅम्परव्हॅन. बाहेरून मालाची गाडी, आत पलंग. ती ओळखू येईपर्यंत मागे गेलेली असते. तिची चुटपुट लावून घेऊ नका.

मोठ्या गाडीवाल्यांनी छोट्या कॅम्परव्हॅनला हात करू नये, मागे कॅराव्हॅन, म्हणजे गाडीला जोडलेलं चाकांवरचं घर, ओढणारे वेगळ्या जातीचे, भाड्याच्या गाडीवाले तर मोजायचेच नाहीत, असले सोवळेओवळे पाळणारे लोक भेटतील. मला तो चावटपणा वाटतो. ज्याच्या गाडीत गादी आहे त्याला हात करावा, इतका सोपा हिशोब मी ठेवलाय. कॅराव्हॅनवाले सहसा उत्तर देत नाहीत हे खरं, पण मागे एवढं मोठं शेपूट हलत असताना माणसाचं लक्ष तिकडेच असणार.

२. तुमच्याकडे दीड सेकंद आहे

हा भाग नीट वाचा, बाकीचं चाळलं तरी चालेल.

तुम्ही ताशी ८० किलोमीटरने जाताय, समोरचाही ८० ने येतोय. म्हणजे मधलं अंतर ताशी १६० च्या वेगाने, सेकंदाला सुमारे ४४ मीटरने, आटतंय. गाडी मोटरहोम आहे हे तुम्हाला २०० मीटरवर कळलं असं धरा. तिथून दोघं समोरासमोर यायला साडेचार सेकंद लागतात. त्यातले पहिले जवळपास दोन सेकंद ओळखण्यात आणि ठरवण्यात जातात. शेवटचा सेकंद तुमचा नाही, तो गाडीचा आहे. तीनेक मीटर उंचीच्या दोन पेट्या वेगाने एकमेकींच्या जवळून जातात तेव्हा मधली हवा ढकलली जाते आणि गाडीला बाजूने धक्का बसतो. वारा असेल तर तो धक्का चांगलाच जाणवतो. त्या क्षणी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट हवेत. म्हणजे हात करायला मधला दीड सेकंद उरतो, तोही समोरची गाडी साधारण १२० मीटरवरून ५० मीटरवर येईपर्यंतचा.

नवखे नेमकं उलटं करतात. समोरचा अगदी जवळ आला, त्याचं तोंड दिसलं, की हात उचलतात. मग हात हवेत, डोळे त्याच्या खिडकीकडे, आणि त्याच वेळी हवेचा धक्का. मीही हेच करायची. एकदा तशी सहा इंच सरकलेली गाडी सावरताना पोटात गोळा आला, तेव्हा सवय मोडली.

दोघांचा वेग ५० असेल तर तेच २०० मीटर सात सेकंदांत संपतात, ऐसपैस वेळ मिळतो. दोघं १०० ने असाल तर साडेतीन सेकंद. मधे दुभाजक असलेल्या मोठ्या हायवेवर त्यामुळे मी हात करतच नाही. समोरच्याला दिसत नाही, मला गरज नाही.

३. कोणता हात, आणि किती

जिथे वाहतूक डावीकडून चालते, म्हणजे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान अशा देशांत, ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि समोरची गाडीही उजवीकडून जाते. तिथे उजवा हात. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत डावा. लक्षात ठेवायला सोपं: खिडकीकडचा हात. दुसरा हात गिअरचा, त्याला या भानगडीत ओढायचं नाही. आणि गिअर बदलत असाल तर हात करणं रद्द, कारण त्या क्षणी स्टिअरिंगवर एकच हात असतो.

आता कृती. गाडी उभी असताना करून बघा.

तळवा स्टिअरिंगवर आहे तिथेच राहू द्या. अंगठ्याने स्टिअरिंग धरून ठेवा. चारही बोटं एकत्र वर उचला, मनात "एक" म्हणा, खाली आणा. झालं. हात इकडून तिकडे हलवायचा नाही, दीड सेकंदात ते दिसतही नाही. वेग कमी असेल, रस्ता सरळ आणि रुंद असेल, तर पूर्ण हात खांद्यापर्यंत वर न्यायला हरकत नाही. पण हात खिडकीबाहेर कधीही काढू नका. आपल्या गाड्या अंगाने सव्वादोन मीटरच्या आसपास असतात, वर दोन्ही बाजूंना कानासारखे बाहेर आलेले आरसे. साध्या गावरस्त्यावर दोन मोटरहोम समोरासमोर आली की आरशांचीच गळाभेट होते, तिथे कोपर बाहेर असणं परवडणारं नाही.

बोटं दिसतात का, हेही एकदा तपासा. शेजारच्याला गाडीसमोर तीस-चाळीस पावलांवर उभं करा आणि बोटं उचला. आमच्या गाडीत पहिल्यांदा केलं तेव्हा नवरा तिथून ओरडला, "अगं, कर ना!" मी तीनदा केला होता. डॅशबोर्डवर पसरून ठेवलेला पांढरा नकाशा काचेत उमटत होता आणि त्यामागे मी गायब. नकाशा उचलला तर हात दिसला, आणि मलाही रस्ता जास्त स्वच्छ दिसायला लागला. तेव्हापासून डॅशबोर्डवर काहीही ठेवत नाही.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात चांगला, उपाय आहे. हात करायचं खातं शेजारी बसणाऱ्याकडे द्या. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, तो हवा तेवढा ओवाळू शकतो. आमच्याकडे ते खातं नवऱ्याकडे आहे आणि तो ते मंत्रिपदासारखं सांभाळतो. परदेशी बनावटीची, उलट्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण समोरच्याच्या बाजूला शेजारीच बसलेला असतो. चालवणाऱ्याने तरीही काही करायचंच असेल तर मान जराशी खाली झुकवावी. मान झुकवायला हात लागत नाही.

४. हात स्टिअरिंगवरच ठेवायचे ते प्रसंग

वळण, चौक, गोल चक्कर, चढ संपून पुढचं दिसत नाही अशी जागा, पाऊस, आडवा वारा, समोरून ट्रक, मागून ओव्हरटेक करणारा, रस्त्याच्या कडेला सायकलवाला. रात्री तर प्रश्नच नाही, दिव्यांच्या झोतामागे कोण बसलंय हे कोणालाच दिसत नाही. आतला दिवा लावून हात करणारा एक उत्साही माणूस मी पाहिलाय. तो दिसला, पण त्याला रस्ता दिसत होता की नाही देव जाणे.

एक प्रसंग सहज सुटतो. कडेला पायी चालणारा रस्ता ओलांडायला उभा आहे आणि तुम्ही समोरच्या मोटरहोमला हात केला. पायी चालणाऱ्याला वाटतं, मलाच म्हणतायत, या. तो पाऊल टाकतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, पायी जाणाऱ्यांना हात करून किंवा दिवे दाखवून बोलावू नका असं स्पष्ट सांगितलंय, कारण दुसऱ्या बाजूने गाडी येत असू शकते. आपण त्याला बोलावलेलं नसतं, पण त्याला ते कुठे माहीत.

५. डिपर आणि हॉर्न

नको. हात दिसत नाही म्हणून डिपर मारायचा मोह होतो, पण डिपरचा अर्थ दर देशात फिरतो. कुठे "तू आधी जा", कुठे "मी येतोय, बाजूला हो", कुठे "पुढे पोलीस आहेत". ब्रिटनचा हायवे कोड म्हणतो की दिवे फक्त "मी इथे आहे" एवढं सांगायला वापरावेत, बाकी कुठलाही निरोप द्यायला नाही. हॉर्नचंही तेच. शिवाय डिपर बघून समोरचा दचकतो, आपल्या गाडीचं काही उघडं राहिलंय का म्हणून आरशात बघायला लागतो. ते "उघडं राहणं" फार महत्त्वाचं आहे, त्याकडे शेवटी येते.

६. एका गाडीपुरत्या रस्त्यावरचा हात वेगळा

इतका वेळ ज्या हाताबद्दल बोललो तो हौसेचा. नाही केला तरी कोणाचं अडत नाही. पण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जा. नॉर्थ कोस्ट ५०० हा सुमारे ८३० किलोमीटरचा फेरा २०१५ पासून गाजतोय आणि उन्हाळ्यात तिथे मोटरहोमची रांग लागते. त्यात कितीतरी पट्टे एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. थोड्या थोड्या अंतरावर कडेला फुगवटे ठेवलेत, एकाने थांबून दुसऱ्याला साइड द्यायची म्हणून. इथे हात ही भाषाच होते, आणि ती आली नाही तर दोन मोटरहोम तोंडाला तोंड लावून उभी राहतात.

शिस्त अशी. समोर गाडी दिसली की फुगवटा कोणाला जवळ आहे ते बघा. तो तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा. उजव्या हाताला असेल तर आत शिरू नका, त्याच्या समोरच रस्त्यावर थांबा, समोरचा त्यातून वळसा घालून जाईल. थांबलात की मग निवांत हात करा, गाडी उभीच आहे. जाणारा आभाराचा हात करतो, थांबलेला उत्तराचा. इथे मात्र हात न करता निघून जाणं उद्धटपणाचं मानतात, मग ती मोटरहोम असो, ट्रॅक्टर असो की टपालाची गाडी. मागे स्थानिकांची रांग तुंबली असेल तर त्याच फुगवट्यात शिरून त्यांनाही पुढे जाऊ द्या. त्यांना कामावर जायचं असतं, आपल्याला डोंगर बघायचे असतात. आणि त्या फुगवट्यात गाडी लावून चहा करत बसू नका. ती जागा उभं राहण्यासाठी नाही.

आइसलँडला बेटाभोवती फिरणाऱ्या रस्त्यावर आणि न्यूझीलंडमध्येही एकाच गाडीपुरते पूल लागतात. तिथेही थांबलेल्याला हात केल्याशिवाय जाऊ नये. पण न्यूझीलंडमध्ये आधी जायचा मान कोणाचा हे पाटीवरचे बाण ठरवतात, हात नाही. पाटी वाचा, मग हात करा.

७. देश बदलला की बोटं बदला

"हात दाखवून अवलक्षण" म्हणतात ते ग्रीसमध्ये शब्दशः खरं होतं. पाचही बोटं फाकवून तळवा समोरच्याच्या तोंडाकडे धरणं ही तिथली जुनी शिवी आहे. तिचं नाव मराठी कानाला जवळपास "मूंजा" असं ऐकू येतं, पिंपळावरच्या आपल्या मुंजाशी तिचा काही संबंध नाही, पण अंगावर मात्र तशीच येते. तिथे बोटं जुळवून, हात तिरका ठेवून करा.

दोन बोटांचा व्ही करायची हौस असेल तर तीही आवरा. हाताची पाठ समोर गेली की ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात त्याचा अर्थ शांती होत नाही. अंगठा वर करणं इराणसारख्या ठिकाणी जुन्या लोकांना खटकतं. चार बोटं जुळवून उचलणं बहुतेक ठिकाणी निभावतं. ऑस्ट्रेलियाच्या लांबलचक निर्मनुष्य रस्त्यांवर तर एकच बोट स्टिअरिंगवरून उचलतात, तर्जनी. तासाभरात तीन गाड्या भेटतात आणि तिन्हींचे ड्रायव्हर बोट उचलतात. मला तो प्रकार फार आवडतो. कमीत कमी हालचाल, पुरेपूर ओळख.

उत्तर आलं नाही तर

नाही आलं तर नाही आलं. तो वळणाचा विचार करत असेल, पोरं मागे भांडत असतील, काचेवर ऊन असेल, भाड्याची गाडी कालच घेतली असेल आणि त्याला ही रीतच माहीत नसेल. हात उसना दिलेला नसतो की परत यायलाच हवा. गर्दीच्या मोसमात एखाद्या प्रसिद्ध रस्त्यावर दर मिनिटाला एक मोटरहोम येतं, तिथे सगळ्यांना हात करत बसलात तर संध्याकाळी खांदा धरेल. आठ-दहा गाड्यांचा ताफा आला तर मी पहिल्याला बोटं उचलते, बाकी नवऱ्याचं खातं.

तो हात करतोय, की काही सांगतोय?

हा खरा शेवटचा धडा, आणि तो मी फी भरून शिकले.

एका सकाळी तळावरून निघालो. हवा स्वच्छ, रस्ता मोकळा. पाच मिनिटांत समोरून एक मोटरहोम आलं, त्याने नुसता हात केला नाही तर डिपरही मारला. आम्ही दोघांनी हात केला. मग दुसरं आलं, त्यातल्या बाईने बोट वर आभाळाकडे दाखवलं. "हवा काय छान आहे म्हणतेय," नवरा म्हणाला आणि त्यानेही आभाळाकडे बोट दाखवलं. तिसऱ्यातला माणूस आपल्याच डोक्यावर थापट्या मारत होता. त्याला आम्ही खूप हसून हात केला. किती प्रेमळ रस्ता आहे हा, असं मी बोललेसुद्धा. मग दरी लागली, आडवा वारा आला, वर काहीतरी कडाडलं, आणि आरशात एक पांढरा चौकोन उडत शेतात जाताना दिसला. पलंगावरचं छपराचं झाकण होतं ते. रात्री हवा यावी म्हणून उघडलं होतं, सकाळी बंद करायचं राहिलं. मागे कोणी नव्हतं हे नशीब.

तर खुणा ओळखा. नमस्काराचा हात एकदाच वर जातो आणि खाली येतो, सोबत बहुधा हसू असतं. सांगणारा हात हलत राहतो, बोट दाखवतो, आणि त्याचा चेहरा हसरा नसतो. वर बोट म्हणजे छप्पर: झाकण, थाळी, सुटलेली दोरी. खाली आणि बाजूला बोट म्हणजे दाराची पायरी बाहेर राहिली, गॅसच्या कप्प्याचं दार उघडं, विजेची वायर फरपटतेय. मागे बोट म्हणजे सायकलींचा स्टँड, किंवा टायर. डिपर आणि हात दोन्ही एकत्र आले तर ते शुभेच्छा नाहीतच असं धरून चाला. उत्तराला हात करू नका. आरसे बघा, वेग कमी करा, पहिली सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. काही निघालं नाही तर दोन मिनिटं गेली.

आणि उलट बाजूने, कोणाचं काही उघडं दिसलं तर आधी हात न करता थेट बोट दाखवा. दोन्ही एकत्र केलंत की तो आमच्यासारखा हसत पुढे जाईल.

त्या रात्री छपराच्या भोकाला प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी लावून आम्ही झोपलो. पिशवी रात्रभर फडफडत होती. बऱ्याच वेळाने अंधारातून नवरा म्हणाला, "माणसं चांगली होती गं. आपणच हात करत बसलो."